अकरा गिऱ्हाईकं, अकरा नेटवर्क, सगळीकडे १९२.१६८.१ : व्हीएमवर एका जागेवरून नजर कशी ठेवायची?

तारवाला_सांगली (सोमवार, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. विश्रामबागला माझं छोटं दुकान आहे. पाटीवर ‘संगणक विक्री व दुरुस्ती’ असं लिहिलंय, पण गेली सात वर्षं घर चालतंय ते लोकांचे सर्व्हर सांभाळण्यावर. गिऱ्हाईकं अकरा. कुपवाड एमआयडीसीत दोन फाउंड्र्या, मार्केट यार्डात हळदीचे दोन अडते, तासगाव रोडला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, मिरजेत एक हॉस्पिटल, दोन पतसंस्था, एक सीए, विट्याला एक कापडवाले आणि एक शाळा. प्रत्येकाकडं एकच डबा (सर्व्हरचं मशीन), आणि त्याच्या पोटात तीन ते पाच व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले वेगवेगळे संगणक. एकूण ४१. ते चालवायला आठ जणांकडं हायपर-व्ही, दोघांकडं प्रॉक्समॉक्स, एकाकडं जुनं ईएसएक्सआय.

माझी आत्ताची पद्धत सांगतो, हसू नका. सकाळी आठला चहा घेऊन बसतो आणि एकेकाच्या मशिनमध्ये रिमोटनं शिरतो. डिस्कची जागा बघितली, बॅकअपची हिरवी खूण बघितली, की बाहेर पडलो. दीड तास जातो. शाळेचं आठवड्यातनं एकदाच बघतो, तेही दुपारी सवड झाली तर. खोटं कशाला बोलू.

आता मूळ दुखणं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोल्ड स्टोरेजवाल्यांचा फोन आला, सकाळी ६:४० ला. “सर्व्हर झोपलाय काय ओ?” बेदाण्याची आवक जोरात होती. गेटला चार टेम्पो उभे, आणि आतला कारकून बॉक्सची नोंद पुठ्ठ्यावर पेनानं करतोय. जाऊन बघितलं तर व्हीएमवर ‘पॉज्ड-क्रिटिकल’. होस्टची, म्हणजे व्हीएम ज्याच्या पोटात चालतात त्या डब्याची, डिस्क काठोकाठ भरलेली.

चूक माझीच होती. दिवाळीच्या आधी त्यांचं सॉफ्टवेअर अपडेट करताना मी चेकपॉइंट घेतला होता, काही बिघडलं तर मागं जाता यावं म्हणून. काही बिघडलं नाही, म्हणून तो विसरून गेलो. तेव्हापासून जे जे लिहिलं जात होतं ते सगळं त्या चेकपॉइंटच्या वेगळ्या, एव्हीएचडीएक्स फाइलीत साठत होतं. गंमत अशी की मी रोज सकाळी त्या मशिनमध्ये जाऊन जागा बघतच होतो! पण बघत होतो व्हीएमच्या आतला डी ड्राइव्ह. तिथं ढीगभर जागा. भरत होती ती बाहेरची, होस्टची. पाच महिने. मी रोज घराच्या आतनं भिंतीला हात लावून बघत होतो आणि ओल बाहेरच्या बाजूनं येत होती.

दुसऱ्या एका व्हीएमची फाइल यूएसबी डिस्कवर हलवून जागा केली, मग मर्ज लावला, म्हणजे ती साठलेली फाइल मूळ फाइलीत मिसळायला लावली. चार तास लागले. मालक काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हा ठरवलं की सगळं एका पडद्यावर आणायचं. घरच्या राउटरवरनं दोन गिऱ्हाइकांना व्हीपीएन (इंटरनेटमधनं त्यांच्या नेटवर्कात जाणारा खासगी बोगदा) जोडला. पहिला मस्त चालला. दुसरा जोडल्यावर १९२.१६८.१.१० या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे जागा आहेस काय अशी हाक मारली, उत्तर आलं, मी खूश. अर्ध्या तासानं कळलं की उत्तर देतंय ते कुपवाडच्या फाउंड्रीतलं पंचिंग मशीन. कोल्ड स्टोरेजचा सर्व्हरही १९२.१६८.१.१० च आहे. अकरापैकी नऊ ठिकाणी आतल्या पत्त्यांचा हाच १९२.१६८.१ चा पट्टा आहे. वर सगळ्या सर्व्हरचं नाव ‘सर्व्हर’. ती नावं मीच ठेवलीत.

शिवाय पाच-सहा जणांच्या राउटरला पब्लिक आयपीच (बाहेरनं थेट गाठता येणारा पत्ता) नाही, १०० नं सुरू होणारा काहीतरी पत्ता दिसतो. आणि मिरजेच्या हॉस्पिटलनं व्हीपीएनला सरळ नाही म्हणून सांगितलंय.

गिऱ्हाईक मला वर्षाला १२ ते ३० हजार देतं. दर मशिनमागं महिन्याला डॉलर मागणारी सोय मला झेपणार नाही. कुणी हे केलंय काय?

---

कराडचा_जाळीवाला (मंगळवार, सकाळी ७:०५)

भाऊ, तुम्ही उलट्या बाजूनं जोर लावताय. तुम्ही इथनं गिऱ्हाइकाच्या घरात शिरायला बघताय, म्हणून पत्ते आपटतायत एकमेकांवर. त्याच्या घरात आपला एक माणूस बसवा आणि त्यानं बाहेर येऊन तुम्हाला खबर द्यायची. मग त्याच्या घरातला खोली नंबर काय आहे याच्याशी तुमचा संबंधच उरत नाही.

तो माणूस म्हणजे झॅबिक्सचा प्रॉक्सी. झॅबिक्स म्हणजे मशिनांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, लॅटव्हियातल्या लोकांचं, २००१ पासून बाजारात आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाकडं एक प्रॉक्सी ठेवायचा, तोही ॲक्टिव्ह प्रकारातला. म्हणजे तो स्वतः तुमच्या मध्यवर्ती सर्व्हरच्या १००५१ पोर्टला बाहेरच्या दिशेनं जोडणी करतो. गिऱ्हाइकाच्या राउटरवर एकही भोक पाडावं लागत नाही. पब्लिक आयपी नसला तरी चालतं. तो १०० चा पत्ता म्हणजे तुमच्या इंटरनेटवाल्यानं शेकडो लोकांना एका पत्त्यामागं बसवलंय, १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा त्याच कामाला राखून ठेवलेला असतो. बाहेरनं आत कुणी येऊ शकत नाही, पण आतनं बाहेर जायला कोण अडवतंय?

प्रॉक्सी त्याच्या घरातल्या १९२.१६८.१.१० शी बोलेल, दुसरा प्रॉक्सी दुसऱ्या घरातल्या १९२.१६८.१.१० शी. दोघांची भेटच होत नाही. मध्यवर्ती सर्व्हरला फक्त ‘कुठल्या प्रॉक्सीमागचं कुठलं होस्ट’ एवढंच कळतं (झॅबिक्समध्ये नजरेखालच्या प्रत्येक मशिनला होस्ट म्हणतात).

मात्र होस्टचं नाव अख्ख्या सर्व्हरवर एकमेव लागतं. ते ‘सर्व्हर’ नाव चालणार नाही. विंडोजचं नाव बदलू नका, टॅलीवाले अंगावर येतील. झॅबिक्सचा एजंट, म्हणजे प्रत्येक मशिनवर बसवायचा छोटा प्रोग्राम, त्याच्या फाइलीत वेगळं नाव देता येतं. गिऱ्हाइकाचा तीन अक्षरी कोड पुढं लावा आणि तोच सगळीकडं वापरा.

इंटरनेट गेलं तर प्रॉक्सी माहिती स्वतःजवळ धरून ठेवतो. मुळात ती मुदत एक तासच असते, ती वाढवा. ७२० तासांपर्यंत वाढते. आमच्याकडं पावसाळ्यात फायबर तुटली की दोन दिवस कुणी फिरकत नाही, म्हणून मी ७२ ठेवलीत.

आणि मध्यवर्ती सर्व्हर दुकानात ठेवू नका. मुंबईत एखादा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घ्या, ४१ व्हीएमला दोन कोअर आणि चार जीबी पुष्कळ झालं.

---

पोवईनाका_सातारा (मंगळवार, दुपारी १:४०)

कराडकरांच्या म्हणण्याला फाटा फोडत नाही, पण व्हीपीएननं होतच नाही असं नाही. मी तीन वर्षांपूर्वी केलंय. प्रत्येक ठिकाणी एक छोटा लिनक्स डबा, त्यात वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर. तोही आतनंच बाहेर जोडतो, दर २५ सेकंदांनी एक ठोका देतो म्हणून वाट उघडी राहते. पत्ते आपटतात त्याला नेटमॅप लावायचं. म्हणजे एकाचं १९२.१६८.१ मला १०.२१.१ दिसतं, दुसऱ्याचं १०.२२.१. शेवटचा आकडा तोच राहतो, म्हणून लक्षात ठेवायला सोपं.

आता खरं सांगतो. भिंतीवर एक कागद लावलाय, कुठला पट्टा कुणाचा ते लिहून. तो कागद फाटला तर मी संपलो. आणि गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाकडं व्हायरस शिरला, त्या रात्री मी सगळ्यांचे बोगदे हातानं बंद करत बसलो होतो, कारण माझ्या फायरवॉलचे नियम बरोबर आहेत याची मलाच खात्री नव्हती. आता नजर ठेवायला मीही प्रॉक्सीच वापरतो. वायरगार्ड ठेवलंय ते फक्त दुरुस्तीला आत जायला, आणि काम नसताना बंद.

---

मिरज_सर्व्हररूम (मंगळवार, रात्री ९:१५)

दादा, मी टेबलाच्या पलीकडची आहे. मिरजेतल्याच एका हॉस्पिटलमध्ये आयटी बघते (तुमचं गिऱ्हाईक ते हेच की दुसरं, माहीत नाही, विचारतही नाही). आम्ही व्हीपीएनला नाही का म्हणतो ते ऐका.

२ जुलै २०२१ ला कसेया कंपनीच्या व्हीएसए या सॉफ्टवेअरमधनं खंडणीखोर शिरले. ते सॉफ्टवेअर कोण वापरत होतं? तुमच्यासारखेच, दहा-वीस गिऱ्हाइकांची मशीन एका जागेवरून सांभाळणारे. कंपनीनंच सांगितलेला आकडा १,५०० पर्यंत धंद्यांचा होता. स्वीडनमध्ये कूप या किराणा साखळीची सुमारे ८०० दुकानं बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्याची मशीन चालेनात. त्या दुकानांनी स्वतः काही चूक केली नव्हती. एका किल्लीनं सगळी घरं उघडत होती, एवढंच.

म्हणून मला कुणी ‘तुमच्या सर्व्हरवर नजर ठेवतो’ म्हणालं की मी विचारते, नजरच ठेवणार ना? हात लावणार नाही ना? झॅबिक्सच्या एजंटमध्ये बाहेरून कमांड चालवायची सोय मुळात बंद असते. ती सोयीसाठी म्हणून सुरू करू नका. प्रॉक्समॉक्सला रूट पासवर्ड देऊ नका, एपीआय टोकन (प्रोग्रामला द्यायची वेगळी किल्ली) काढा आणि त्याला पीव्हीई-ऑडिटर हा नुसता बघण्याचा रोल द्या. ईएसएक्सआयलाही वाचण्यापुरता युजर.

प्रॉक्सी आणि सर्व्हरमधलं बोलणं पीएसकेनं (दोन्हीकडं आधीच ठेवलेली गुप्त किल्ली) कुलूपबंद करा, प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी किल्ली. आणि त्या किल्लीला जी ओळख द्यावी लागते तिच्यात हॉस्पिटलचं नाव टाकू नका. किल्ली गुप्त राहते, ओळख मात्र वायरवरून उघडीच जाते. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

एक कागदही द्या: काय काय गोळा करता, कुठं जातं, किती दिवस राहतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानं सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. उद्या काही झालं तर मला तुमच्या पडद्यावरची वेळ आणि माझ्या सर्व्हरवरची वेळ जुळलेली पाहिजे. सगळ्या व्हीएमची घड्याळं एकदा बघून घ्या. आमच्याकडं एक अकरा मिनिटं पुढं होती आणि ती लॅबच्या रिपोर्टवर छापली जात होती.

असा प्रस्ताव घेऊन आलात तर बाहेर जाणारं एक पोर्ट, एकाच पत्त्याकडं, मी दहा मिनिटांत उघडून देईन. मला नको होता तो बोगदा.

---

तारवाला_सांगली (बुधवार, रात्री १२:१०)

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. व्हीपीएन मागितला तेव्हा माझ्या डोक्यात एवढं काही नव्हतंच, मला वाटलं नुसते आडमुठे आहेत.

कराडकर, तो प्रॉक्सी त्याच डब्यात आणखी एक व्हीएम म्हणून टाकू काय? वेगळ्या मशिनचे पैसे कुणाकडं मागू? आणि कुपवाडला लाइट गेली तर मला कसं कळणार की लाइट गेली, नेट गेलं, का सर्व्हर मेला?

व्हीपीएसचं लगेच पटलं. २०१९ च्या पुरात माझं दुकान मारुती चौकात होतं. गिऱ्हाइकांचे सर्व्हर बरेचसे कोरडे होते, मीच पाण्यात होतो.

---

कराडचा_जाळीवाला (बुधवार, सकाळी ६:५०)

त्याच डब्यात टाकलात तर डबा मेल्यावर खबर द्यायला कोण राहील? सेकंडहँड मिनी पीसी घ्या, चार जीबीचा असला तरी झालं, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर प्रॉक्सी आरामात चालतो. राउटरला लावतात तो छोटा यूपीएस राउटरला आणि एक बरा यूपीएस त्या पीसीला. परवडत नसेल त्या गिऱ्हाइकाकडं व्हीएम म्हणून टाका, पण मनाशी धरून चाला की तिथं अर्धा डोळाच आहे.

लाइट की नेट, याची एक युक्ती. प्रॉक्सी गप झाला की तुम्हाला एवढंच कळतं की तो गप झालाय. पण तो परत आल्यावर आलेख बघा. मधल्या वेळेची माहिती उशिरानं का होईना भरून आली, तर नेट गेलं होतं, मशीन जागी होती. मधे कोरी पट्टी राहिली, तर लाइटच गेली होती. यूपीएस मेला की आठ दिवसांत ओळखू येतं.

आणि प्रॉक्सी गप झाल्यावर त्याच्यामागच्या पाच मशीन पाच बोंबा मारतील, त्यांना डिपेंडन्सी लावा, म्हणजे प्रॉक्सी गप असेल तर त्यांनी बोंब मारायची नाही. एक गिऱ्हाईक, एक बोंब. नाहीतर आठवड्यात मोबाइल म्यूट कराल.

---

तारवाला_सांगली (सहा आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७:३०)

मंडळी, धागा वर आणतोय, कारण ज्यांनी सांगितलं त्यांना हिशोब द्यायला पाहिजे.

अकरापैकी दहा झाले. सात मिनी पीसी, तीन व्हीएम. सीएसाहेब ‘मार्चनंतर बघू’ म्हणतात, त्यांचा मार्च बाराही महिने असतो.

अडलो कुठं ते आधी सांगतो. पहिले दोन दिवस एजंट बोलेचना. फाइलीत नाव लिहिलं होतं मोठ्या अक्षरात, पडद्यावर लहान. दोन्हीकडं तंतोतंत तेच लागतं. मग चेकपॉइंट मोजायला होस्टवर पॉवरशेलची स्क्रिप्ट लावली तर एकदा उत्तर यायचं, चारदा नाही. एजंट मुळात तीनच सेकंद थांबतो, आणि ते जुने सर्व्हर पॉवरशेल उघडायलाच पाच सेकंद घेतात. मुदत ३० केली, मग सुरळीत. ईएसएक्सआय व्हीएमवेअर कंपनीचं, आणि त्याची माहिती गोळा करणारे कलेक्टर प्रॉक्सीवर मुळात शून्य असतात, ते वाढवल्याशिवाय काही दिसत नाही. त्यात एक रविवार गेला.

आता सापडलं काय. पहिल्याच रात्री तीन ठिकाणी जुने चेकपॉइंट. एक २०२१ चा. म्हणजे कोल्ड स्टोरेज हा अपघात नव्हता, माझी सवय होती.

त्याहून वाईट एका पतसंस्थेत. बॅकअप रोज हिरवा. मीही रोज हिरवा बघून पुढं जायचो. कराडकरांनी मला खासगीत सांगितलं होतं की काम झालं का ते विचारू नका, प्रत्येक व्हीएमची सगळ्यात ताजी बॅकअप फाइल किती तासांची आहे ते विचारा. विचारलं. एका व्हीएमला फाइलच नाही! गेल्या वर्षी डेटाबेस नव्या व्हीएमवर हलवला, आणि बॅकअपच्या यादीत जुनीच राहिली. ती बंद पडलेली व्हीएम रोज रात्री इमानेइतबारे जपून ठेवली जात होती. त्या दिवशी जेवण गेलं नाही. संध्याकाळी स्वतः जाऊन बॅकअप घेतला आणि सेक्रेटरींना खरं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, “बरं झालं आत्ता कळलं.”

डिस्कच्या इशाऱ्याचं मी जरा आपल्या पद्धतीनं केलं. आधी ८० टक्के भरली की इशारा, ९० ला धोका असं लावलं होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर असतं तसं, पाणी ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. पण आपण सांगलीकर पावसाळ्यात नुसती पुलावरची पातळी बघत बसतो काय? कोयनेतनं किती क्युसेक सोडलं ते आधी विचारतो, आणि मग सामान वर चढवायचं का ते ठरवतो. कुपवाडची एक डिस्क दोन वर्षं ८५ वरच उभी आहे, तिचा इशारा फुकटचा. यार्डातली एक ६० वर आहे पण दिवसाला दीड टक्क्यानं चढतेय. झॅबिक्समध्ये या चालीनं किती वेळ उरला ते काढणारं टाइमलेफ्ट नावाचं फंक्शन आहे. आता होस्टच्या डिस्कवर ‘दहा दिवसांपेक्षा कमी उरले’ एवढाच इशारा ठेवलाय. गेल्या महिन्यात दोनच आले, दोन्ही खरे.

ताई, तो कागद केला. दीड पान झालं. मिरजेच्या हॉस्पिटलला दिला, त्यांनी चार प्रश्न विचारले आणि पोर्ट उघडून दिलं. दहा मिनिटं नाही लागली, पंधरा दिवस लागले, पण दिलं. त्यांना त्यांच्याच मशीन दिसतील असा एक युजरही काढून दिलाय. आता मला काही कळायच्या आधी तेच फोन करतात.

सकाळचा चहा अजून पडद्यासमोरच होतो, फक्त दीड तासाचा नाही.

एक मात्र राहिलंय. शाळेचा प्रॉक्सी रोज संध्याकाळी ५:२० च्या सुमारास गप होतो आणि सकाळी १०:३० ला बोलायला लागतो. मधे कोरी पट्टी. रविवारी दिवसभर कोरी. कराडकरांच्या हिशोबानं लाइटच. मी आधी वीज मंडळाला नावं ठेवली, मग शेजारच्या दुकानात विचारलं, तिथं लाइट असते. मग उजेड पडला. शिपाईमामा घरी जाताना मेन स्विच पाडतात. सर्व्हरसकट. यूपीएस आहे, पण सर्व्हर त्याच्यावर आहे का भिंतीच्या प्लगला, ते मी कधी वाकून बघितलेलंच नाही, कारण मी नेहमी दुपारी रिमोटनं जायचो आणि दुपारी सगळं चालूच असायचं.

उद्या साडेदहाला जातोय. आधी टेबलाखाली वाकून वायर बघतो, मग मामांशी बोलतो.